उसनं रडणं

माझी लेक शैला मारली गेली त्याला बरीच वर्षं झाली, आणि मी अजून रडलेले नाही. लोकांना ते बरं वाटत नाही. आधी म्हणायचे, धक्का बसलाय बिचारीला. मग म्हणायला लागले, बाई दगडाच्या काळजाची आहे. म्हणा बाबांनो. येत असतं तर मी काय हौसेनं दाबून धरलं असतं का?

मी महानंदा बिराजदार. लातुरात माझी खानावळ आहे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावहून इथं क्लासला येतात आणि माझ्याकडे जेवतात. शिकवायला आता मास्तर राहिले नाहीत, यंत्रं शिकवतात. तीच यंत्रं पोरांच्या घरीही शिकवू शकतात. तरी आईबाप पोरांना लातूरलाच धाडतात, कारण शेजाऱ्याचं पोरगं लातूरला गेलेलं असतं. मला काय, माझं बरंच आहे. पोळ्या यंत्र लाटतं. भाकरी मात्र अजून हातानंच थापावी लागते, आणि वाढायलाही माणूसच लागतं. यंत्रानं वाढलेलं पोरं टाकून उठतात, मी करून बघितलंय.

वाढायचं काम शैलाचं होतं. हर्षल कऱ्हाळे हा हिंगोलीकडचा पोरगा दोन वर्षं माझ्याकडे जेवला. गरीब वाटायचा. मान खाली घालून जेवायचा आणि ताट चाटूनपुसून साफ करायचा. तो शैलाच्या मागे लागला. तिनं त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं, दोनदा. मग एका दुपारी पोरं क्लासला गेलेली असताना तो सुरा घेऊन स्वयंपाकघरात शिरला. भाकरी थापणाऱ्या सरूबाई मधे पडल्या, त्याही गेल्या. मी बाजारात मेथी निवडत होते. याच्यापेक्षा जास्त मी कोर्टात सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

खटल्यात हर्षलनं जेवणाची सुट्टी कधी होणार एवढंच काय ते विचारलं. मग वकिलानं शिकवल्यावर थोडं रडला, तेही चुकीच्या जागी. फाशी झाली. म्हणजे सुनावली गेली. आपल्याकडे फाशी सुनावणं आणि फाशी होणं यांच्या मधे एक पोरगं बालवाडीतून दहावीला पोचतं. माझा मुलगा बसू, बसवराज, शैलाचा थोरला भाऊ, तेवढी वर्षं त्याच एका दिवसाची वाट बघत जगला. लग्न केलं नाही. भाजीचा टेम्पो चालवायचा आणि प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसायचा. शैलाचा फोटो त्यानं कपाटात ठेवून दिला होता. फाशी झाली की बाहेर काढू म्हणायचा. घरात तिचं नाव निघालं की उठून जायचा, म्हणून मीही नाव घेणं सोडलं.

आणि अशात तो नवा कायदा आला.

फाशी सुनावलेल्या गुन्हेगाराची तयारी असेल तर आधी त्याच्या मेंदूत रोपण करायचं, मग वर्षभर थांबायचं. मेलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकानं त्याला एकदा तरी समोरासमोर भेटायचं आणि मग कोर्टात उभं राहून सांगायचं, फाशी द्या की जन्मठेप. शेवटचा शब्द न्यायाधीशांचा. पण तोवर कुठलंही कोर्ट नातेवाइकाच्या शब्दाबाहेर गेलेलं नव्हतं. सरूबाईंना मागेपुढे कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांच्या वतीनंही मीच बोलायचं ठरलं. दोन जिवांचा निवाडा सरकारनं आणून माझ्या पदरात टाकला आणि आपण मोकळं झालं.

हर्षल रोपणाला तयार झाला. का होणार नाही? फाशी चुकवायची होती त्याला.

तुरुंगाच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नसरीन काझी यांनी मला आणि बसूला बोलावून सगळं समजावलं. बाई शांत होती, घाई नव्हती तिला. म्हणाली, आपल्या मेंदूत कानाच्या वरच्या अंगाला, आत घडीत दडलेला एक पट्टा असतो. आपलं बोट कापलं की तो पेटतो. दुसऱ्याचं बोट कापलेलं बघितलं तरी तोच पट्टा थोडासा पेटतो, म्हणून तर आपण 'आई गं' म्हणतो. काही माणसांत दुसऱ्याच्या वेळी तो पेटतच नाही. हर्षलचा असा होता. आता त्याच्याच कातडीतल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्यांच्या मेंदूच्या पेशी बनवायच्या आणि त्या पट्ट्यात लावायच्या. रोज एक गोळी द्यायची, तिनं त्या जाग्या राहतात. काही महिन्यांत त्या मुळं धरतात आणि आजूबाजूला जोडल्या जातात.

मी विचारलं, म्हणजे माणूस चांगला होतो का? ती म्हणाली, चांगुलपणाचं मला माहीत नाही मावशी, दुसऱ्याचं दुखणं त्याच्यापर्यंत पोचतं एवढंच. आणि नुसतं आजचंच नाही. आठवण ही पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी तशीच्या तशी राहत नाही. प्रत्येक वेळी बाहेर काढली की मेंदू ती नव्यानं विणून परत ठेवतो. आता विणणारा भाग बदलला, तर जुन्या आठवणीही बदललेल्या निघतात. जे त्यानं केलं ते त्याला शैलाच्या बाजूनं आठवायला लागेल.

बसू म्हणाला, "त्याला माणूस करून मग सोडायचा, असंच ना?" आणि खुर्ची सरकवून बाहेर गेला.

माझ्या खानावळीत या कायद्यावरून महिनाभर रणं पेटली. एक पोरगा म्हणायचा, गुन्हा केला तो माणूसच उरला नाही, मग फासावर कोणाला चढवता? दुसरा म्हणायचा, वा रे वा, क्लासला दांडी मारायची आणि हजेरी दुसऱ्याला लावायला सांगायची, तसलं झालं हे. करणारा पसार झाला आणि त्याच्या जागी भला माणूस उभा केला. तिसरा चष्मेवाला होता. तो म्हणायचा, कोर्ट चुकलं तर मेलेला परत आणता येत नाही, म्हणून फाशी नकोच. त्याचं बरोबर होतं. पण हर्षलच्या बाबतीत चुकायला जागा नव्हती. तो पकडला गेला तेव्हा त्याच्या सदऱ्याला माझ्या परातीतलं पीठ होतं. चौथा म्हणाला, जन्मभर त्याला आपल्या पैशानं भाकरी घालायची का? एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की मी वरणाचं भांडं घेऊन मागे उभी आहे, आणि सगळे ताटात बघायला लागले. मी म्हटलं, "भांडा की. भात कोण घेणार तेवढं सांगा."

वर्ष उलटल्यावर मला भेटीला बोलावलं. जाताना मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. बघायचं, उठायचं, यायचं. खोली स्वच्छ होती, मधे काच आणि बोलायला भोकं. दार उघडून त्याला आत आणलं. नुसती हाडं राहिली होती. गालफडं बसलेली, मनगटं सदऱ्यातून काडीसारखी बाहेर आलेली. मी बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का रे?"

सवय हो. तिशीत खानावळ घातली तेव्हापासून दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तेच विचारत आलेय. परीक्षेत आपटलेला असो नाहीतर मार खाऊन आलेला असो, पहिला प्रश्न तोच. त्यात माया असतेच असं नाही. ताट वाढायचं की नाही एवढंच विचारायचं असतं.

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. ते कोर्टातल्यासारखं रडणं नव्हतं. बाळंत होणाऱ्या बाईला कळा येतात तसं त्याला येत होतं आणि जात होतं, त्याच्या हातात काही नव्हतं. मधेच म्हणाला, "ती वाढायला यायची ना मावशी, आधी ओढणी कमरेला खोचायची. गाठ उजवीकडे."

उजवीकडे. हे मी पार विसरून गेले होते. शैलाला मी जन्म दिला आणि तिची ओढणीची गाठ मला आठवत नव्हती. याला आठवत होती.

भेटीचं चित्रण होत होतं. हर्षलच्या वकिलानं ते कोर्टात दाखवलं, तिथून ते सगळीकडे गेलं. फाशीच्या विरोधातले म्हणाले, बघा आईचं काळीज. फाशीच्या बाजूचे म्हणाले, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. टीव्हीवर दोघं माझ्या त्या तीन शब्दांवरून एकमेकांच्या अंगावर जात होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते?

बसूनं ते टेम्पोत बसून बघितलं. घरी आला, माझ्यासमोर उभा राहिला. "त्याला विचारलंस? जेवलास का म्हणून?" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो माझ्या हातचं जेवेना. चौकातल्या हॉटेलात जाऊन जेवायला लागला, तेही पुढच्या टेबलावर बसून, गल्लीला दिसेल असं. खानावळवालीला याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. मला वाईट वाटलं का? वाटायला पाहिजे होतं. मी रोज त्याच्या वाटणीची भाकरी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कुस्करून कालवणात घालायची.

कायद्यानं एकच भेट सक्तीची होती. मी परत गेले. मग परत गेले.

का जात होते ते सांगते. ज्यानं शैलावर दोन वर्षं पाळत ठेवली होती, त्याच्याकडेच ती सगळ्यात जास्त शिल्लक होती. मला ती घाईघाईतली आठवायची, हे उचल, ते आण, गॅस बंद कर. त्यानं तिला टक लावून बघितलं होतं. ती मिरची आधी स्वतःच्या जिभेला लावून बघायची. सुट्टे पैसे मोजताना ओठ हलवायची. गॅलरीत कपडे वाळत घालताना स्वतःशीच भांडायची, बहुतेक माझ्याशीच. बाईमाणसाला अंगावर काटा यावा असलं ते बघणं होतं, आणि मी ते मागून मागून ऐकत होते. तो सांगायचा आणि रडायचा. मी काचेच्या अलीकडे कोरडी बसायची. त्याची दया यायची नाही. रागही पूर्वीसारखा यायचा नाही. पण तो रडला की मला जरा हलकं वाटायचं, आपलं साचलेलं धुणं दुसऱ्या कुणी धुऊन टाकल्यासारखं.

एकदा त्यानं काहीच सांगितलं नाही. हात जोडून बसला.

"मावशी, मला फाशी द्यायला सांगा."

मी म्हटलं, का रे? एवढा फाशी चुकवायला निघाला होतास.

"रोज दुपार होते हो मावशी," तो म्हणाला. "मी तिच्या जागेवर उभा असतो. दारातून मी आत येतो आणि मला माझीच भीती वाटते. मग सरूबाई. मग परत पहिल्यापासून. मला यातून सोडवा."

घरी येऊन बसूला सांगितलं, कारण त्याला सांगायला हवं होतं. तो हॉटेलातून जेवून आला होता, चूळ भरत होता. ऐकून तसाच थांबला. म्हणाला, "त्याला फाशी पाहिजे?" मी हो म्हटलं. तो हसला. कितीतरी वर्षांनी हसला. म्हणाला, मग नको. राहू दे जिवंत. म्हातारा होऊन मरू दे.

बघा म्हणजे. आयुष्यभर फाशी फाशी करणारा माझा पोरगा एका दुपारीत जन्मठेपवाला झाला. आणि हर्षलचा वकील, जो फाशी हा सरकारनं केलेला खून आहे म्हणून गावोगाव भाषणं द्यायचा, त्याच्याच अशिलाला फाशी हवी होती. बिचारा माझ्या ओट्यावर येऊन बसला. दोन तोंडांनी बोलत होता. म्हणाला, दयेची फाशी ही दया नसते, तुम्ही जन्मठेपच मागा, त्याचा त्रास कमी करायला मी पुढे वेगळा अर्ज करीन. मी हो हो म्हटलं. माझं लक्ष उतू चाललेल्या आमटीकडे होतं.

सगळेच मला कारणं देत होते आणि सगळ्यांची कारणं पटण्यासारखी होती. पण मला त्यातलं एकही लागू नव्हतं. मला सूड नको होता आणि क्षमाही करायची नव्हती. मला एवढंच कळत होतं की शैलासाठी रडणारं या जगात एकच माणूस आहे, आणि ते फासावर गेलं की तिच्यासाठी कुणीच रडणार नाही. तिच्या आईला जमत नव्हतं. भावाला नुसता राग येत होता. हर्षल मेला की त्याच्या डोक्यातली शैलाही मरणार होती, दुसऱ्यांदा.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? मी म्हटलं, जन्मठेप.

"तुम्ही त्याला माफ केलंत का?"

"नाही."

"मग कारण सांगाल?"

"राहू दे त्याला," मी म्हटलं. खरं कारण कोर्टात सांगण्यासारखं नव्हतं.

हर्षलनं पिंजऱ्याच्या गजावर कपाळ टेकलं. "मावशी, नका," म्हणाला, हळूच, मीठ जास्त झाल्यावर पोरं म्हणतात तसं. मी तिकडे बघितलं नाही. बसूनं माझा हात धरला, घट्ट. त्याला वाटलं मी सूड घेतला. बाहेर फाशीविरोधी मंडळींनी मला शाल दिली. त्यांना वाटलं मी क्षमा केली. त्या दिवशी बसू घरी जेवला, मागून वाढून घेतलं, आणि ठेच्याला नावं ठेवली. माझा पोरगा मला परत मिळाला होता. कशामुळे मिळाला ते मी त्याला सांगितलं नाही.

मी भेटीला जात राहिले. आता बसूच आनंदानं टेम्पोतून सोडायचा. आत यायचा नाही. मी हर्षलला तडफडताना बघायला जाते असं त्याला वाटायचं, आणि घरी परतताना एकच विचारायचा, रडला का? मी सांगायची, रडला. ते खरंच होतं.

मग वकिलाचा तो अर्ज मंजूर झाला. कोर्टानं म्हटलं, जन्मठेप म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. माणसाला जन्मभर रोज दुपारी मारणं हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. गोळ्या बंद करा. डॉक्टर नसरीनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. लावलेल्या पेशी मरत नाहीत मावशी, झोपतात. त्याचा त्रास संपला. बाईला वाटलं मला बरं वाटेल.

तो आत आला तेव्हा मी ओळखलं नाही. अंग धरलं होतं. खुर्चीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, काय मावशी, बऱ्या आहात ना? इथली डाळ अगदीच पाणचट असते, तुम्ही तक्रार केली तर ऐकतील, तुमचं नाव झालंय. मी म्हटलं, शैलाचं काहीतरी सांग.

"सांगितलं की सगळं," तो म्हणाला. "अजून काय असणार?"

"ओढणीची गाठ?"

"हां, उजवीकडे," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं.

त्याला सगळं आठवत होतं. बसस्थानकावरचा बाबा गाड्यांच्या वेळा सांगतो तसं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खटल्यातला हर्षल परत आला होता, फक्त आता त्याला कुणी फाशी देणार नव्हतं. ते मीच करून ठेवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं आणि ते वाटणंही कुठंतरी लांबून आल्यासारखं होतं. मी पदर सावरला आणि उठले.

बाहेर ऊन तापलं होतं. बसू टेम्पोत बसून पपई खात होता. माझ्यासाठी अर्धी ठेवली होती. मी बसले. त्यानं विचारलं, रडला का?

"रडला," मी म्हटलं.

टेम्पो रस्त्याला लागला. दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं. मी अर्धी पपई संपवली. मग मी म्हटलं, बसू, तुला एक सांगू का? शैलाचं. त्याचा हात स्टिअरिंगवर आवळला, पण त्याला उठून जायला जागा नव्हती.

मी सांगितलं. तू पाठीवर सिलिंडर घेऊन जिना चढत होतास. टेबलावरची पोरं तुला हसली. डॉक्टरकीत दोनदा आपटला आणि हमाल झाला, असं पोरं म्हणाली. शैला तेव्हा पातेलं घेऊन वाढत होती. तिनं काही म्हटलं नाही. त्या टेबलाला कालवण वाढलंच नाही. पोरं ताटं घेऊन बसून राहिली, मागायची कुणाची छाती झाली नाही. कोरडी भाकरी पाण्याबरोबर गिळून उठली. आठवडाभर त्या टेबलावर कालवण नव्हतं.

बसूनं टेम्पो कडेला घेतला.

"मी ऐकलं होतं ते हसणं," तो म्हणाला. "तिनंही ऐकलं होतं हे मला माहीत नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला कुणी सांगितलं हे? तू तर तिथं नव्हतीस."

त्या टेबलावर कोण बसलेलं होतं ते माझ्या ओठावर आलं होतं.

"शैलानंच सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्यानं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि तो रडायला लागला. मोठमोठ्यानं, पोरासारखा, नाक गळेपर्यंत. शेजारून एक ट्रॅक्टर गेला, त्यावरची माणसं वळून बघत होती. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसले. माझे डोळे कोरडेच होते, पण आता आमच्या घरातलं कुणीतरी तिच्यासाठी रडत होतं, आणि मला फार बरं वाटलं. तो जरा थांबला तेव्हा मी त्याला आणखी एक सांगितलं.